बोअरचं पाणी आणि अर्जातला कोरा रकाना: भू-रसायनशास्त्राचा ‘मायनर’ का हवा?

जून महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडे मावसभावाच्या घरी गेलो होतो. जेवणं उरकल्यावर त्याने दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल होता, दुसरा त्याच्या मुलीच्या बी.एस्सी. प्रवेशाचा अर्ज. अहवालात फ्लोराइडसमोर २.४ असा आकडा होता आणि त्याखाली लाल शाईची रेघ. अर्जात ‘मायनर विषय’ हा रकाना कोरा होता.

“दादा, दोन्हींतलं मला काहीच कळंना. हे पाणी प्यावं का न्हाई? आन् हे मायनर म्हंजी काय?”

पंचवीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं आणि दुसरी सोयच नसेल तर जास्तीत जास्त १.५ चालतं, हे भारतीय मानक मला पाठ आहे. त्यामुळे ‘पिऊ नका’ हे लगेच सांगता आलं. उकळून पिऊ का, असं वहिनींनी विचारलं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण थोडं वाढतंच, हेही सांगितलं. पण भावाचा पुढचा प्रश्न अवघड होता. “शेजारच्या जुन्या विहिरीत न्हाई, मग आमच्याच बोअरात कसं आलं?” रसायनशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर नाही, कारण त्यात किनवटचा खडक नाही. भूशास्त्राच्या पुस्तकात खडक आहे, पण पाण्यातल्या आयनांचा, म्हणजे विरघळलेल्या भारित कणांचा, हिशोब जेमतेम. हे उत्तर दोन विभागांच्या मधल्या भिंतीत अडकून पडलं आहे. त्या भिंतीत दार पाडायची संधी आता आली आहे, आणि तो कोरा रकाना म्हणजेच ती संधी, असं मला मनापासून वाटतं.

## मायनर म्हणजे काय?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत ती लागू झाली. विद्यार्थी एक मुख्य विषय निवडतो, तो मेजर. सोबत दुसरा एक विषय काही सत्रं सलग शिकतो, तो मायनर.

कपाशीत तूर घेतात ना, तसंच हे. शेत कपाशीचंच राहतं, पण काही ओळींनंतर तुरीची ओळ येते. तिची मुळं खोल जातात, जमिनीत नत्र धरतात, आणि कपाशीला बोंडअळीने गाठलं तरी घरात थोडं काही येतं. आंतरपीक काहीही घेऊन चालत नाही, मुख्य पिकाला पूरक असंच निवडावं लागतं. मायनरचंही तेच.

आता हिशोब. अभ्यासाचं माप क्रेडिटमध्ये मोजतात. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात साधारण १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत, त्यांतली २४ मायनरची. चार वर्षांच्या पदवीत १६० पैकी ३२. विद्यापीठागणिक हा आकडा थोडा कमीजास्त होतो. म्हणजे मायनर हा वैकल्पिक पेपर नव्हे, पदवीचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. एवढी मोठी जागा मोकळी असताना बहुतेक ठिकाणी तिथे जुनेच विषय जुन्याच पुस्तकांसह बसवले जात आहेत, ही मला खटकणारी गोष्ट.

## आणि भू-रसायनशास्त्र?

पृथ्वीवर कोणतं मूलद्रव्य कुठे आहे, तिथे का आहे आणि तिथून कुठे चाललं आहे, याचा अभ्यास. ‘जिओकेमिस्ट्री’ हा शब्द १८३८ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने वापरला. ओझोनचा शोध लावणारा हाच माणूस. पण विषयाला खरा आकार दिला तो नॉर्वेत काम केलेल्या व्हिक्टर गोल्डश्मिटने, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याने मूलद्रव्यांचे स्वभाव ओळखले. लग्नाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी जाऊन बसणार, हे घरातल्या जाणत्या बाईला आधीच ठाऊक असतं, तसं. सोनं आणि निकेल लोखंडाची सोबत धरतात, ते लोहप्रिय. सोडियम, कॅल्शियम, अॅल्युमिनियम खडकातल्या ऑक्सिजनकडे जातात, ते शिलाप्रिय. तांबं, जस्त, शिसं गंधकाकडे ओढले जातात. नायट्रोजन आणि आर्गॉनसारखे कुणातच न रमणारे हवेत राहतात. पृथ्वी तरुण आणि वितळलेली असताना लोखंड खाली गाभ्यात उतरलं आणि आपल्यासोबत सोन्याचा मोठा हिस्सा घेऊन गेलं. वरच्या कवचात सोनं इतकं विरळ का, याचं एक मोठं कारण हे.

याच कवचात वजनाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आहे आणि २८ टक्के सिलिकॉन. ऑक्सिजन म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे हवा येते. पण पायाखालचा कातळ जवळजवळ अर्धा ऑक्सिजनच आहे, हे पहिल्यांदा ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मी अनुभवली आहे.

## एकच कातळ, दोन माती

महाराष्ट्रात हा विषय शिकवायला प्रयोगशाळा बांधावी लागत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. आजही तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

रत्नागिरीचा तांबडा जांभा आणि बार्शीची काळी माती शेजारी ठेवून पाहा. दोन्हींचा बाप एकच, बेसॉल्ट. मग पोरं इतकी वेगळी का निघाली? उत्तर पावसात आहे. चहाची पूड एकदा गाळून ठेवली तर तिच्यात कस उरतो, पण तिच्यावरून दहा वेळा कढत पाणी ओतलं तर उरतो तो चोथा. कोकणात पाऊस कातळाला असाच धुऊन काढतो. आधी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातात, मग हळूहळू सिलिकाही. न विरघळणारं लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहतं, तोच जांभा. रंग तांबडा, कारण तो गंजलेल्या लोखंडाचा आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस तुटपुंजा. तिथे कॅल्शियम, मॅग्नेशियम बरंचसं जागेवरच राहतं, सिलिकाही राहते, आणि त्यांतून पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती बनते. म्हणून काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली चुनखडीचे खडे सापडतात तेही न वाहून गेलेल्या कॅल्शियमचेच.

शेतकऱ्याला हे सगळं अनुभवाने माहीत असतं. ‘का’ हा दुवा जोडायचा राहिला आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी विहिरीचं पाणी खारट. ते शेताला दिलं की सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, माती घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. लोणारच्या सरोवराला बाहेर वाट नाही. आत येणारं पाणी फक्त बाष्प होऊन जातं, क्षार मागे राहतात, म्हणून त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, १० च्या आसपास; शुद्ध पाण्याचा ७ असतो. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा राज्यभर चर्चा झाली. क्षार वाढले आणि खारट पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, हे त्यामागचं कारण. अशा बातमीमागची गोष्ट गावात समजावून सांगू शकेल असा पदवीधर प्रत्येक तालुक्यात असायला काय हरकत आहे?

## मग त्या बोअरमध्ये फ्लोराइड कुठून आलं?

हे मी नंतर शिकलो, एका भूशास्त्राच्या प्राध्यापक मित्राच्या शेजारी बसून.

नांदेड आणि चंद्रपूरच्या काही भागांत बेसॉल्टचं पांघरूण विरळ होतं किंवा संपतंच. तिथे ग्रॅनाइट आणि नीससारखे फार जुने खडक वर येतात. त्यांतल्या काळ्या अभ्रकात आणि फ्लोरअॅपेटाइटसारख्या खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी खडकाच्या भेगांतून जितकं सावकाश फिरेल तितकं ते जास्त विरघळतं. पुन्हा चहाच, पण जास्त वेळ मुरलेला. उघड्या विहिरीत बहुतेक अलीकडच्या पावसाचं पाणी असतं. खोल बोअरमधलं पाणी कितीतरी जास्त काळ खडकाच्या सहवासात असतं.

पण अर्धीच गोष्ट झाली. पाण्यात भरपूर कॅल्शियम असेल तर फ्लोराइडला मोकळं हिंडता येत नाही. दोघं मिळून फ्लोराइट नावाचं खनिज बनतं आणि खाली बसतं. खोल पाण्यात मात्र कॅल्शियम आधीच चुनखडी होऊन बसलेलं असतं किंवा मातीने सोडियमच्या बदल्यात घेतलेलं असतं. राखणदार गेला, फ्लोराइड मोकळं. म्हणून अहवालात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त, कॅल्शियम कमी असं दिसलं की फ्लोराइडचा आकडा बघायच्या आधीच सावध व्हावं.

भावाच्या अहवालात नेमकं हेच होतं. कॅल्शियमचा आकडा त्या कागदावर पहिल्या दिवसापासून छापलेला होता. मला तो दिसत होता, वाचता येत नव्हता.

## चोवीस क्रेडिटमध्ये काय बसवायचं?

चार-चार क्रेडिटचे सहा अभ्यासक्रम सहज बसतात. माझं मत असं की सुरुवात पाण्याने करावी. नेहमीची पद्धत म्हणजे आधी ऊष्मागतिकी, मग खनिजं, मग खडक आणि शेवटी वेळ उरला तर पाणी. या क्रमाने मुलं दुसऱ्याच सत्रात मान टाकतात. पाणी घरातलं आहे, त्यातून प्रश्न आपोआप उभे राहतात आणि मग सिद्धान्ताची भूक लागते.

पहिलं प्रात्यक्षिक मी पाण्याच्या ताळेबंदाचं ठेवीन. पाण्यात धन भाराचे आणि ऋण भाराचे आयन असतात, आणि दोन्हींचे भार सारखेच असावे लागतात. किराणा दुकानाची जमा आणि नावे जुळते तसं. समजा अहवालात कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ३६ आणि सोडियम ६९ मिलिग्रॅम आहे. त्यांना अनुक्रमे २०, १२ आणि २३ ने भागा, प्रत्येकी ३ येतात, बेरीज ९. दुसरीकडे बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड ७१, सल्फेट ४८. त्यांना ६१, ३५.५ आणि ४८ ने भागा, ६, २ आणि १ येतात. बेरीज पुन्हा ९. वही जुळली. आता कुणी क्लोराइड ७१ ऐवजी चुकून १७१ टाइप केलं तर उजवी बाजू जवळजवळ १२ वर जाईल आणि चूक तिथेच पकडली जाईल. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कागद-पेन्सिलीने छापील अहवालातली चूक काढता येते! विज्ञानाची ताकद एवढ्या स्वस्तात दाखवणारं दुसरं प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

त्यानंतर एक सेतू अभ्यासक्रम हवा. रसायनाच्या मुलांनी हातात दगड घेऊन ओळखायला शिकावं, भूशास्त्राच्या मुलांनी विद्राव्यता आणि समतोल पक्का करावा. मग माती आणि खडकांचं झिजणं. मग समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड भाऊ. डोक्यावर जड बोजा असलेला माणूस वाटेत आधी बसतो. तसंच ढग समुद्राकडून आत सरकत जातात तेव्हा जड ऑक्सिजनचं पाणी आधी बरसतं. त्या खुणेवरून विहिरीतलं पाणी थेट पावसाचं की तलावात उन्हाने आटून मग मुरलेलं, याचा माग काढता येतो. पाचवा अभ्यासक्रम मोजमापाच्या पद्धती आणि आकडेवारीचा. सहाव्यात क्षेत्रप्रकल्प आणि पुढचे प्रश्न.

पुढचे प्रश्न म्हणजे, उदाहरणार्थ, आइसलँडमधला कार्बफिक्स प्रकल्प. तिथे २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग दगड होऊन बसला. बेसॉल्ट आपल्याकडेही अफाट आहे. इथे ते जमेल का, परवडेल का, भूजलाचं काय होईल, हे प्रश्न आपल्याच मुलांनी विचारायला हवेत.

## ‘यंत्रं कुठून आणणार?’

ही शंका सगळ्यांत आधी येते. कोट्यवधींची यंत्रं एका महाविद्यालयाला परवडणार नाहीत, हे खरं. पण वरच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग रसायनाच्या कुठल्याही चालू प्रयोगशाळेत होतो. पीएच मीटर, वाहकता मीटर, कठीणपणा काढायचं टायट्रेशन, सोडियम-पोटॅशियमसाठी फ्लेम फोटोमीटर, रंगावरून फ्लोराइड मोजायला वर्णमापी. यातलं बरंच सामान कपाटात आहे. सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजायला आयआयटी मुंबईतल्या सामायिक उपकरण सुविधेसारख्या जागा आहेत, शुल्क भरून नमुने देता येतात. शिवाय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण देशाचा भू-रासायनिक नकाशा २ किलोमीटर बाय २ किलोमीटरच्या चौकटींत तयार करत आहे. ओढ्यांच्या गाळातल्या अनेक मूलद्रव्यांची ती आकडेवारी आणि केंद्रीय भूजल मंडळाचे अहवाल वर्गात उघडून बसलं तरी एका सत्राचं काम होतं.

## ‘शिकवणार कोण?’

ही अडचण मात्र खरी मोठी आहे आणि ती झाकून ठेवू नये. भूशास्त्राचा विभाग असलेली महाविद्यालयं राज्यात मोजकीच. जिथे दोन्ही विभाग एका आवारात आहेत तिथूनच सुरुवात करावी. पुणे, मुंबई, नागपूर, नांदेड, सोलापूर, अमरावती इथे ही सोय आहे, गोव्यात विद्यापीठात आणि मडगावला आहे. अडतं ते कार्यभारावर. अर्धा अभ्यासक्रम रसायनाच्या शिक्षकाने आणि अर्धा भूशास्त्राच्या शिक्षकाने घेतला तर तास कुणाच्या नावावर पडणार? मी एका बैठकीत पाहिलं आहे, चांगला प्रस्ताव या एका प्रश्नावर दीड तास अडला आणि तसाच फाइलीत गेला. तासांची वाटणी प्रस्तावातच लिहून द्यावी. ज्याने जेवढे तास घेतले तेवढा कार्यभार त्याच्या विभागाचा. हे आधी ठरलं की निम्मी भांडणं मिटतात.

मंजुरीची वाट ठरलेली आहे. अभ्यास मंडळ अभ्यासक्रम तयार करतं, तो विद्याशाखेकडे जातो आणि शेवटी विद्या परिषदेपुढे. स्वायत्त महाविद्यालयाचं स्वतःचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद असते, म्हणून तिथे हे लवकर घडू शकतं. रसायन आणि भूशास्त्राची अभ्यास मंडळं वेगळी असल्याने दोघांनी मिळून एकच मसुदा पाठवणं उत्तम.

## ‘ना धड केमिस्ट, ना धड जिऑलॉजिस्ट’

हा आक्षेप ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून येतो आणि मी तो हलका मानत नाही. पण मेजर कुठेही जात नाही, ते पूर्ण राहतं. शिवाय भिंतीवर बसलेल्या माणसाला कधीकधी दोन्ही अंगणं दिसतात. क्लेअर पॅटरसन शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. उल्केतलं शिसं मोजून १९५६ मध्ये त्याने पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं काढलं. आज तो आकडा जवळपास तसाच मानला जातो. मोजताना प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं मिसळतंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते येतंय कुठून हे शोधता शोधता तो पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोचला. पुढची कित्येक वर्षं तो त्याविरुद्ध झगडला. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. पृथ्वीचं वय मोजायला निघालेल्या माणसाचं काम जगभरातल्या लहान मुलांच्या रक्तापर्यंत पोचलं.

## ‘आणि नोकरी?’

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. नुसत्या मायनरवर सरकारी भूवैज्ञानिक होता येत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते. त्या परीक्षेतून भूवैज्ञानिक, भूभौतिकीतज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि भूजलतज्ज्ञ अशी पदं भरतात. मायनर केलेल्या मुलीला पुढे कुठल्या बाजूला जायचं हे विसाव्या वर्षी कळतं, एवढा त्याचा उपयोग नक्की.

पदवीनंतर लगेच काम हवं असेल तर पाणी, माती आणि खनिजांच्या चाचणी प्रयोगशाळा, सिमेंट आणि खाणउद्योग, पर्यावरण सल्लागार संस्था आहेत. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने १६,३०० कोटी रुपयांचं राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर केलं. लिथियम, कोबाल्ट, दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं शोधायची तर मूलद्रव्याचा माग काढणारी माणसं लागणार. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायचे संच वापरायला शिकवलं गेलं, फार चांगलं काम झालं. त्यांच्या संचात रंग बदलला की पुढे कुणाला विचारायचं, ती जागा अजून रिकामी आहे.

भावाच्या घरचं पुढे काय झालं? शेजारच्या विहिरीचं पाणीही तपासून घेतलं. फ्लोराइड मर्यादेत होतं, पण नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेला टेकलेलं, कारण गोठा विहिरीला लागून. आता गोठा हलवलाय, पिण्याला विहीर आणि वापरायला बोअर. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धतही मी त्याला लिहून दिली आहे, उन्हाळ्यात विहीर आटली तर उपयोगी पडेल.

पुतणीने मायनरच्या रकान्यात भूगोल लिहिलं. तिच्या महाविद्यालयात भू-रसायनशास्त्र नाही. तिथल्या दोन्ही विभागप्रमुखांना मी चार पानांचा मसुदा पाठवला आहे. पहिल्या प्रात्यक्षिकाची सूचना त्यात अशी लिहिली आहे: दिवाळीच्या सुट्टीवरून परत येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या पाण्याची एक लिटरची स्वच्छ बाटली आणावी. भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी, आणि चिठ्ठीवर लिहावं: गाव, विहीर की बोअर, खोली किती, तारीख, आणि विहीर खणताना कोणता दगड लागला होता ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून.